ठोक्यामागचा कर्ता

उदयनाचार्यांशी माझं भांडण आहे आणि ते इंजिनावरून आहे. उदयनाचार्य दहाव्या शतकातले, मिथिलेचे, न्यायशास्त्रातलं फार मोठं नाव. मी एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक, राहणार वाई. त्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहून ईश्वर आहे हे अनुमानाने सिद्ध केलं. मी नोकरीभर अनुमानावरच पोट भरलं. त्यामुळे अनुमान या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालतो. आमचे शास्त्रीबुवा हा हक्क मान्य करत नाहीत, पण चहा देतात.

शास्त्रीबुवांच्या ओसरीवर आम्ही चार-पाच रिकामटेकडी माणसं गुरुवारी संध्याकाळी ‘तर्कसंग्रह’ वाचायला जमतो. वाईला याचं कुणाला नवल नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं हे गाव, प्राज्ञपाठशाळा इथली, मराठी विश्वकोशाचं काम इथून चाललं. तेव्हा मिसळ खाताना शेजारच्या बाकावर हेत्वाभासावर वाद चालू असला तरी पोऱ्या वळून बघत नाही. ‘तर्कसंग्रह’ हे सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचं छोटंसं पुस्तक. मुलांना सोपं जावं म्हणून लिहिलं, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. ती मुलं कसली होती देव जाणे. आम्ही अनुमानखंडात पावसाळ्यात शिरलो ते दिवाळीच्या तोंडाशी बाहेर पडलो.

त्यातलं अनुमान सगळ्यांना ठाऊक असलेलंच आहे. डोंगरावर धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, उदाहरणार्थ स्वयंपाकघर. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. मी मान डोलावली. पुढे शास्त्रीबुवा म्हणाले की हेच उलटं चालत नाही. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, पण धूर नाही. धुरासाठी सरपण ओलं असावं लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. म्हणजे आपल्या ध्यानात न आलेली अट. तुम्ही दोन गोष्टींची जोडी लावता (तिला व्याप्ती म्हणतात), ती जोडी खरी वाटते, पण तिला धरून ठेवणारी तिसरीच गोष्ट मागे लपलेली असते. ती असेल तर जोडी टिकते, नसेल तर तुमचं अनुमान कोसळतं.

धुराचं डिझेलवाल्याला सांगायला नको. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, किंवा पाणी शिरलंय, किंवा काहीच नाही, नुसती पहाटेची थंडी. पण उपाधी ऐकल्यावर मला धूर आठवला नाही. मला ठोका आठवला. कारण त्याच आठवड्यात माझ्या अंगणात एक जीप उभी होती.

ही जीप वडापची. वाई-पाचगणी, शनिवार-रविवारी पर्यटक, एरवी बाजारकरू आणि शाळेची पोरं. मालक म्हणाला चार लाखाच्या पुढं गेलीया. मीटर तीन लाख ऐंशी हजारांवर थांबलेला होता. मीटरची केबल कधी तुटली ते मालकालाही सांगता येईना. म्हणजे गाडीच्या वयाबद्दल दोन साक्षीदार, दोघंही कच्चे. शब्द हेही प्रमाण आहे, पण बोलणारा आप्त हवा, म्हणजे माहीतगार आणि खरं बोलणारा. वडापवाला आपल्या गाडीबद्दल आप्त असतो की नाही यावर भाष्य लिहिता येईल.

“मिस्त्री, इंजिन ठोकतंय. पाचगणीच्या गॅरेजवाला म्हणतोय, फुल इंजिन काम काढावं लागंल.”

“ठोकतंय कधी?”

“कधी म्हंजे? ठोकतंयच की.”

इथेच निम्मं काम होतं किंवा बिघडतं. ‘ठोकतंय’ हा हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, म्हणून घेतला तर तो सगळ्यात नालायक हेतू आहे. नैयायिक त्याला सव्यभिचार म्हणतील. म्हणजे हा हेतू नको त्या घरीही जातो. बिग एंडचं, म्हणजे कॉनरॉड क्रँकला धरतो तिथलं, बेअरिंग गेलं तर इंजिन ठोकतं. पिस्टन लायनरमध्ये सैल झाला तर ठोकतं, फक्त थंड असताना. तापला की पिस्टन फुगतो आणि आवाज विरतो. गजन पिन सैल असेल तर ठोकतं. नोझल टपकत असेल, पंपाचं टायमिंग पुढे असेल तरी ठोकतं. डिझेलचं तर जन्मजातच असं आहे की ते आत आल्यावर लगेच पेटत नाही, क्षणभर थांबतं. तो थांबा लांबला की साठलेलं सगळं डिझेल एकदम भडकतं आणि दणका बसतो. क्रँकपुलीचा बोल्ट सैल असला तरी ठोकतं. इंजिनाचं माउंटिंग तुटलं असलं तरी. एकदा अल्टरनेटरच्या फुटक्या ब्रॅकेटपायी लोकांनी इंजिन खाली उतरवलेलं मी पाहिलं आहे. कुठलाही मेकॅनिक पहिल्यांदा पट्टा काढून ऐकतो ते याचसाठी.

म्हणून प्रश्न ‘ठोकतंय का’ हा नाही, ‘कधी, कुठे, किती वेगाने’ हा आहे. मी मालकाला चढाबद्दल विचारलं, उताराबद्दल विचारलं. तेव्हा कुठे तो म्हणाला, पसरणी घाट चढताना एवढं नाही, पण उतरताना रेस सोडली की खडखडतंय, आन् सपाटीला निम्म्या रेसवर. हे ऐकताच माझं मन बिग एंडकडे वळलं. पण मन वळणं म्हणजे निर्णय नव्हे. वात्स्यायनाने न्यायभाष्यात म्हटलं आहे, त्याचा मथितार्थ असा की न्याय ना अजिबात माहीत नसलेल्या गोष्टीवर चालतो, ना ठरून गेलेल्या गोष्टीवर. तो चालतो संशय असलेल्या गोष्टीवर. पाचगणीवाल्यासाठी ती गोष्ट ठरून गेली होती. तिथे न्यायाला कामच उरलं नव्हतं.

गाडी चालू केली आणि लांब स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला टेकवून दांडा कानामागच्या हाडाला लावला. असं ऐकताना एक गोष्ट विसरायची नसते. बिडात आवाज वाट फुटेल तिकडे पळतो. जिथे मोठा ऐकू येतो तिथेच तो जन्मला असं नाही. पण ताल खोटं बोलत नाही. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेटची टिकटिक निम्म्या तालात येते. हा ठोका क्रँकच्या पूर्ण तालात होता, जड आणि खोल. म्हणजे वरचं काम नव्हे, खालचं.

मग डिपस्टिक काढली. मालक म्हणाला, “आयल अजिबात खात न्हाय, मिस्त्री. उलट वाढतंय.” हे तो अभिमानाने सांगत होता. ऑइल खूणरेषेच्या बोटभर वर होतं, पाण्यासारखं पातळ, आणि बोटावर घेऊन हुंगलं तर डिझेलचा भपकारा. चरकाने विमानस्थानात सांगितलंय की वैद्याने रोगी सगळ्या इंद्रियांनी तपासावा, फक्त जीभ सोडून; चव मात्र अनुमानाने ओळखावी. आमच्या डेपोतला जुना हेड मेकॅनिक हा नियम पाळत नसे. तो ऑइल चाखून बघायचा आणि थुंकायचा. मी चरकाचा पंथ धरला.

ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय. पातळ ऑइल बेअरिंगमध्ये थर धरत नाही. थर नाही म्हणजे धातूवर धातू. कारणाचं कारण सापडल्यासारखं वाटत होतं. पण कुठल्या सिलिंडरला?

आता जे मी केलं ते जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनालाच करता येतं. आजच्या कॉमन रेल गाड्यांना कुणी करू नये. त्या पाइपात हजारावर बार दाब असतो आणि डिझेलची चिळकांडी कातडी फोडून आत जाते. जुन्या इंजिनात मात्र पंपाकडून प्रत्येक नोझलला एक पोलादी पाइप जातो. गाडी रेसवर ठेवायची आणि एकेक पाइपाचा नट पान्याने अर्धा आटा सैल करायचा. डिझेल बाहेर झिरपतं, त्या सिलिंडरात स्फोट होत नाही, इंजिन एका पायाने लंगडतं. पहिला सैल केला. इंजिन लंगडलं, ठोका तसाच. कसला. दुसरा, तसाच. तिसरा सैल केला आणि ठोका मंदावला. नट कसला तर परत आला. पुन्हा सैल केला तर पुन्हा मंदावला. चौथ्याला काही नाही.

शास्त्रीबुवांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असलं की कार्य असतं हा अन्वय, नसलं की नसतं हा व्यतिरेक. मी म्हणालो, आम्ही याला ‘कट मारून बघणं’ म्हणतो.

पण अजून उपाधी शिल्लक होती. तिसऱ्या सिलिंडरचा स्फोट बंद केला की ठोका कमी होतो, याचे दोन अर्थ निघतात. एक, तिसऱ्याचं बिग एंड ढिलं आहे आणि वरचा दाब गेल्यावर ते आपटत नाही. दोन, बेअरिंग धडधाकट आहे, नोझलच खराब आहे, आणि नट सैल केल्यावर तो टपकायचा थांबतो. तर मी दुसऱ्या आणि तिसऱ्याचे नोझल आलटून-पालटून बसवले. ठोका नोझलबरोबर दुसऱ्याला गेला असता, तर मालकाचे पैसे वाचले असते. तो गेला नाही. तिसऱ्यालाच राहिला. शिवाय कट मारल्यावर तो मंदावत होता, पुरता मरत नव्हता. नोझलचा ठोका असता तर मेला असता.

इतकं झाल्यावर मी खालचा ऑइलचा चेंबर उतरवायचं ठरवलं.

पाचगणीवाला पहिल्या मिनिटाला म्हणाला होता, उघडूनच बघू. तत्त्वज्ञानात या पंथाला चार्वाक म्हणतात. डोळ्याला दिसेल तेवढं प्रमाण, अनुमानावर भरवसा नाही. या पंथात दम आहे हे मी मान्य करतो. धूर आणि अग्नी जिथे जिथे असतील ते सगळे डोंगर कुणी पाहिले आहेत? उद्या असा एखादा डोंगर निघाला तर? पण उघडण्याच्या पंथाची गंमत अशी की उघडलेलं इंजिन ठोकत नाही. ऑइल काढलं, चेंबर उतरवला, गाडी बंद. आता तुम्ही झिजलेलं बेअरिंग पाहता, ठोका पाहत नाही. आणि चार लाख किलोमीटर फिरलेल्या इंजिनात झिजलेलं सगळंच असतं. लायनर झिजलेला, रिंगा झिजलेल्या, व्हॉल्व्हच्या गाइडा झिजलेल्या. त्यातली कुठली झीज ठोकत होती हे झीज सांगत नाही. ते आधीचं अनुमान सांगतं. म्हणून न विचार करता उघडणारा शेवटी सगळं बदलतो आणि त्याला फुल इंजिन काम म्हणतात.

खालून तिसऱ्या कॉनरॉडची कॅप काढली. बेअरिंगच्या शेलवरचा राखाडी थर गेला होता आणि खालचं तांबं उघडं पडलं होतं. मधोमध नखाएवढा तांबूस पट्टा, कडेला बारीक चरे. दुसऱ्याची कॅप काढली तर शेल मळकट राखाडी, म्हातारं पण शाबूत. मेन बेअरिंगची एक कॅप काढून बघितली, ठीक होती. क्रँकच्या पिनवरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. मायक्रोमीटर चार बाजूंनी लावला, लंबगोलपणा चालेल इतकाच निघाला. ऑइल फिल्टर कापून पंख्याच्या घड्यांसारखा कागद उलगडला तर त्यात तांबूस चमक होती, लोहचुंबकाला न चिकटणारी. आणि डिझेल कुठून येत होतं ते ब्लॉकला बसवलेला फीड पंप खोलल्यावर कळलं. आतलं रबरी डायफ्रॅम फाटलं होतं. तिथून डिझेल सरळ चेंबरात उतरत होतं. हातात मावणारा रबराचा तुकडा.

चारी शेल नवीन, डायफ्रॅम नवीन, ऑइल-फिल्टर नवीन. क्रँक काढावा लागला नाही. लायनर तसेच ठेवले. गाडी चालू केली, तापवली, मालकाला घेऊन पसरणी घाट चढलो आणि उतरलो.

पण चेंबर बंद करून गाडी पहिल्यांदा चालू करेपर्यंत मला खात्री नव्हती. होती ती भक्कम अटकळ. माझं ज्ञान खरं होतं की खोटं हे मला कधी कळलं? न्याय आणि मीमांसा यांचा हा फार जुना वाद. मीमांसक म्हणतात, ज्ञान जन्मतःच खरं असतं. कुणी खोटं ठरवेपर्यंत ते खरंच धरायचं. नैयायिक म्हणतात, तसं नाही. ज्ञानाचा खरेपणा बाहेरून कळतो, त्या ज्ञानावर वागून काम फत्ते झाल्यावर. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे ते मृगजळ नव्हतं. मी या बाबतीत कट्टर नैयायिक. सगळे गिऱ्हाईक मीमांसक असतात. गाडी आणतानाच सांगतात, “पंप गेलाय.”

मग किती चालल्यावर फत्ते म्हणायचं? घाटातली एक फेरी? महिनाभर? दर खेपेला ‘पण उद्या ठोकलं तर’ म्हणता येतंच. याचं उत्तर मला ज्यांच्याशी भांडण आहे त्या उदयनाचार्यांकडेच मिळालं. चार्वाकाला ते सांगतात की शंकेला सीमा आहे आणि ती सीमा म्हणजे व्याघात. ज्या शंकेने तुझं स्वतःचं वागणं खोटं पडतं ती शंका शंका नव्हे. त्यांच्यानंतरच्या गंगेशाने हे आणखी उघड केलं. धूर हवा असला की तू अग्नी पेटवतोस, भूक लागली की जेवतोस. हात तर बिनदिक्कत तिकडे जातात, मग तोंडाने कसली शंका काढतोस? हे वाचलं तेव्हा मला वाटलं की हा माणूस कुठल्या तरी कारखान्यात काम केलेला असणार. टॉर्क लावून बोल्ट कसल्यावर पुन्हा पुन्हा त्याच बोल्टला पाना लावणारे शिकाऊ मी पाहिले आहेत. शेवटी आटा मारतात. श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’मध्ये उदयनांची यावरही फिरकी घेतली आहे, पण त्याला काही घाटातून गाडी पाठवायची नव्हती.

तर इथपर्यंत उदयनाचार्य माझे. भांडण पुढे आहे.

आख्यायिका अशी की ते पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेले आणि दार बंद होतं. तेव्हा ते देवाला म्हणाले, आत्ता तू माझी उपेक्षा करतोस, पण बौद्ध वादाला उभे राहतील तेव्हा तुझं असणं माझ्या हातात आहे. देवाला असं सुनावणाऱ्या माणसाबद्दल मला प्रेम वाटतं. ‘कुसुमांजली’त त्यांनी ईश्वराची जी अनुमानं दिली त्यातलं पहिलं असं: पृथ्वी वगैरे हे कार्य आहे. कार्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. म्हणून पृथ्वीला कर्ता आहे. पुढचं एक असं की परमाणू जड आहेत, आपणहून जुळणार नाहीत. त्यांना जुळवणारा जाणता कुणीतरी पाहिजे.

दुसऱ्याला माझी हरकत कमी आहे. कॉनरॉड आपणहून क्रँकवर जाऊन बसलेला मी पाहिला नाही. पहिल्याला आहे. मी शास्त्रीबुवांना विचारलं, “कार्याला कर्ता असतोच?”

“असतोच. कर्ता म्हणजे ज्याला सामग्रीचं प्रत्यक्ष ज्ञान आहे, करायची इच्छा आहे आणि प्रयत्न आहे.”

“ठोका हे कार्य आहे का?”

“आहे. उत्पन्न होतो, नष्ट होतो.”

“त्याचा कर्ता कोण? बेअरिंग ठोकावं अशी इच्छा कुणाची होती? मालकाची नव्हती. फाटलेल्या रबराला इच्छा नाही. इंजिन बनवलं त्यांनी न ठोकणारं बनवलं होतं. घटाला कुंभार असतो, मान्य. पण घट तडकतो त्याला कुंभार कोण? माझ्या धंद्यात आलेली सगळी कार्यं तडकलेलीच असतात, आणि त्यांना कारण सापडतं, कर्ता सापडत नाही.”

शास्त्रीबुवांना राग येत नाही, आनंद होतो. ते म्हणाले, “ही हरकत जुनी आहे. पूर्वपक्षी ठोक्याच्या जागी रानातला अंकुर आणायचा. न पेरता उगवला, त्याला कर्ता कोण? याचं उत्तर ठरलेलं आहे. अंकुर हा पक्षातच येतो. आमचं म्हणणं सगळ्याच कार्यांबद्दल आहे. ज्याबद्दल वाद चालू आहे त्यातलंच एक उचलून तेच विरुद्ध उदाहरण म्हणून दाखवता येत नाही. अंकुरालाही कर्ता ईश्वरच, असं आम्ही म्हणतोच आहोत. तसंच तुमच्या ठोक्याचं. जीवांच्या अदृष्टाप्रमाणे ईश्वर ते घडवतो. मालकाचं कर्म.”

नियमाच्या दृष्टीने त्यांचं चुकत नव्हतं, हे मला कळत होतं. घरी येऊन रात्री विचार केला तेव्हा माझी अडचण कुठे आहे ते सापडलं. ती कर्त्याची नाहीच, अनुमानाची आहे.

मी जेव्हा म्हणालो की तिसऱ्याचं बिग एंड गेलं आहे, तेव्हा मी एक गोष्ट पणाला लावली होती. ठोका नोझलबरोबर दुसऱ्याला गेला असता तर मी हरलो असतो. कॅप काढून शेल शाबूत निघाला असता तर हरलो असतो. नवे शेल घालून ठोका तसाच राहिला असता तर मालकासमोर, भर अंगणात हरलो असतो. माझ्या अनुमानात जी काही ताकद होती ती एवढीच, की ते हरू शकत होतं आणि हरलं नाही. ओलं सरपण शोधणारा नैयायिक हेच करतो. तो स्वतःच्याच व्याप्तीला कट मारून बघतो. पण जगाच्या कर्त्याची वेळ आली की हाच नैयायिक म्हणतो, तुम्ही आणाल ते प्रत्येक विरुद्ध उदाहरण आधीच आमच्या पक्षात जमा आहे. मग असा कुठला आवाज आहे जो ऐकल्यावर उदयनाचार्य म्हणतील, नाही, इथे कर्ता नव्हता? तसा एकही नसेल तर ते अनुमान कोसळूच शकत नाही, आणि जे कोसळू शकत नाही त्याला माझ्या अंगणात अनुमान म्हणत नाहीत.

आता पेट्रोलच्या नव्या गाड्यांत ब्लॉकला एक नॉक सेन्सर बसवलेला असतो. त्यातला स्फटिक साधारण सहा-सात किलोहर्ट्झची थरथर पकडतो आणि तो ऐकू आला की कॉम्प्युटर इंजिनाचं टायमिंग मागे घेतो. भारी युक्ती आहे. पण त्या पट्टीत एखादा सैल ब्रॅकेट वाजला तरी सेन्सरला तो नॉकच वाटतो. त्याचा पक्ष सगळं गिळतो. मग गाडी विनाकारण मरगळते आणि गिऱ्हाईक म्हणतं, स्कॅनरवर नॉकिंग आलंय. अशा वेळी मी स्कॅनर बाजूला ठेवून ब्रॅकेट आवळतो.

पुढच्या गुरुवारी हे सगळं मी शास्त्रीबुवांसमोर मांडलं. अकराव्या शतकात विक्रमशीलेच्या रत्नकीर्तीने, बौद्ध पंडिताने, ईश्वरानुमानाच्या व्याप्तीवर किती बारीक हल्ला केला होता ते त्यांनी मला उत्साहाने सांगितलं. माझी बाजू माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त चांगली मांडली. मग चष्मा पुसत विचारलं, “तुम्ही मेनच्या कॅपा किती उघडल्यात?”

“एक.”

“बाकीच्या?”

“एक ठीक होती. ऑइलचा दाब नवीन शेलनंतर बरोबर आला. बाकीच्या ठीक असणार.”

“उघडल्या नाहीत.”

“उघडता आल्या असत्या.”

“तुम्ही वेळ आणि पैसे नव्हते म्हणून उघडल्या नाहीत. आमचं झाकण उघडण्यासारखं नाही म्हणून उघडत नाही. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला यात काय फरक पडला?”

हा घाव बरोबर बसला. गाडी चालवणाऱ्याला फरक पडत नाही, हे खरं. मला पडतो. न उघडलेली कॅप आणि उघडताच न येणारी कॅप या माझ्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीबद्दल मी खात्रीने बोलू शकतो, कारण मला कधीही खोटं पाडता येतं. दुसरीबद्दल मी खात्रीने बोललो तरी ती खात्री तपासायची तुमची सोय नाही. मी हे असंच सांगितलं. मिलिंद राजाला नागसेनाने विचारलं होतं तो रथ कशाला म्हणायचं हा प्रश्नही कुणीतरी मध्येच काढला. त्यावरून मग सगळे भाग बदलल्यावर गाडी तीच का, वगैरे. तो प्रश्न मला कधी पडला नाही. आरसी बुकावर चासी नंबर असतो. आरटीओने तो वाद केव्हाच मिटवला आहे.

शास्त्रीबुवा मूळ मुद्दा सोडणारे नव्हेत. “खंडेनवमीला पाने-पकडींना हळदकुंकू लावता ना?”

“लावतो. डेपोतही लावायचो.”

“कृष्णेवर ढोल्या गणपतीला जाता?”

“संकष्टीला.”

“मग कुठल्या प्रमाणाने जाता? प्रत्यक्ष नाही. अनुमान तुम्ही फेटाळलंत. शब्द तुम्हाला आप्ताचा पाहिजे.”

मी म्हणालो, प्रमाणाने जात नाही. असेल तर बरं, नसेल तर नदीवरची संध्याकाळ कुठे गेली नाही. आईबरोबर जायचो, म्हणून जातो. हात जोडायला मला सिद्धता लागत नाही, आणि सिद्धता झाली म्हणून माझे हात जास्त जुळतील असंही नाही. उदयनांनी देवाला वाचवायची गरज नव्हती, एवढंच माझं म्हणणं आहे.

शास्त्रीबुवांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, “‘असेल तर बरं’ याला संभावना म्हणतात. व्यवहाराला संभावना पुरते, निश्चय लागत नाही, हे मत कुणाचं माहीत आहे? चार्वाकाचं. उदयनांनी त्याचं खंडन ‘कुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात केलंय. म्हणजे पाचगणीच्या ज्या गॅरेजवाल्याला तुम्ही आठवडाभर नावं ठेवताय, तुम्ही त्याच्याच पंथाचे. फक्त हळदकुंकू लावणारे.”

सगळे हसले. मीही. मग मी म्हटलं, “संभावनेवर मी देवळात जातो, शास्त्रीबुवा. गाडी घाटात पाठवत नाही.”

“तिसरा स्तबक वाचू,” ते म्हणाले, “मग बोला.” आणि आत चहाला सांगितलं.